एक्स-रेवाल्या काकू आणि साहेब

काकूंनी पहिल्या भेटीत माझे पाय पाहिले. मी गाडी लावून खडीवरून त्यांच्या दारापर्यंत चालत गेले. त्या पायरीवर उभ्या होत्या, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या, हाताला गवताचा भुसा चिकटलेला. नाव-गाव विचारायच्या आधी म्हणाल्या, "डावा गुडघा कधीपासून?"

"अं?"

"डावा गुडघा. सगळा भार उजव्यावर टाकून राहिली तू."

कॉलेजात असताना मी स्कूटरवरून पडले होते. त्याला चौदा वर्षं झाली होती. लग्नाला चार वर्षं होऊनही माझ्या नवऱ्याला ते कधी जाणवलं नव्हतं. काकूंना वीस पावलांत कळलं. "वर जाऊन खोली बघ," त्या म्हणाल्या, "आवडली तर राहा. जिन्याला अठरा पायऱ्या आहेत, उतरताना कठडा धरत जा." आमची बोलणी तेवढ्यावरच संपली.

मी तेव्हा वेस्ट विंडसरच्या एका औषध कंपनीत नोकरी धरली होती आणि नवरा देशाच्या दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला होता. एखादं वर्ष असं काढू, मग दोघांपैकी कुणीतरी शिफ्ट होऊ, असं ठरलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं की अर्ध्या तासाच्या ड्राइव्हवर, जिथे घरं संपून शेतं सुरू होतात तिथे, एका मराठी काकूंचा वरचा मजला रिकामा आहे. जागा शांत आहे, काकू मात्र जरा वेगळ्या आहेत. घोड्याचा उल्लेख कुणी केला नव्हता.

"घोडा म्हणजे, खरा घोडा?" नवऱ्यानं फोनवर विचारलं.

"खरा. आणि एक बकरी."

"यार, तू अपार्टमेंट बघायला गेली होतीस ना?"

मी तिथे जवळजवळ तीन वर्षं राहिले.

काकू मूळच्या अमरावतीच्या. लग्न होऊन इकडे आल्या, नवरा पाच-सहा वर्षांतच गेला, मूलबाळ नव्हतं. हे सगळं त्या एका वाक्यात सांगायच्या आणि पुढच्या वाक्यात कुकरच्या शिट्टीबद्दल बोलायच्या. एक्स-रे काढायचं शिक्षण त्यांनी इथेच घेतलं. काही वर्षं माणसांच्या हॉस्पिटलात काढली आणि मग नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात घोड्यांचं एक मोठं हॉस्पिटल आहे, तिथे लागल्या, त्या रिटायर होईपर्यंत. माणसं सोडून घोडे का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "माणसाला हात वर कर म्हटलं की तो तीन प्रश्न विचारतो. घोड्याला एकदा पटलं पाहिजे, बस. मग तो दगडासारखा उभा राहतो."

स्वयंपाकघराच्या पश्चिमेकडच्या खिडकीवर त्यांनी जुन्या फिल्म चिकटवल्या होत्या. घोड्यांचे खूर, घोटे, गुडघे. संध्याकाळचं ऊन त्यातून आत आलं की जेवणाच्या टेबलावर करड्या हाडांच्या सावल्या पडायच्या. चहाला आलेल्या बायका त्या खिडकीकडे पाठ करून बसत. मला सुरुवातीला वरणभात गिळवत नसे. महिन्याभरानं मीच पाहुण्यांना, हे पुढच्या पायाचं, हे मागच्या, असं दाखवायला लागले.

मंडळात त्यांची जरा दहशतच होती. एका गणपतीत मंडळाचे अध्यक्ष माइकवर आभार मानत असताना काकू पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "उजवा खुबा दाखवून घ्या." अध्यक्षांनी ते हसण्यावारी नेलं. पुढच्या गणपतीत ते नवा खुबा घालून आले आणि काकूंच्या पाया पडले. तेव्हापासून लोक त्यांच्यासमोरून जाताना नकळत सरळ चालायला लागत. एक जण तर त्या दिसल्या की खुर्चीत बसून घ्यायचे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "एका फोटोवर निकाल देऊ नये." नवऱ्याशी फोनवर भांडून मी खाली आले की त्या चहा ठेवायच्या, मी तावातावानं सांगत सुटायचे, आणि माझं सांगून झालं की त्या म्हणायच्या, "हा झाला समोरून. आता बाजूनं सांग." बाजूनं सांगताना माझं भांडण निम्मं व्हायचं. मला त्याचा फार राग यायचा.

आणि साहेब. घोड्याला त्या साहेब म्हणत आणि अहो-जाहो करत. "या साहेब, चंदी खाऊन घ्या." "काहून आज पाणी प्यायले नाही तुम्ही?" पलीकडच्या रस्त्यावरून मराठी घरातलं कुणी फिरायला जात असेल तर त्याला वाटावं, काकूंचे यजमान आहेत घरात आणि जरा आजारी आहेत. बकरीचं नाव कारकून होतं. साहेब आहेत म्हटल्यावर कारकून हवाच, असं काकूंचं म्हणणं. ती मादी आहे याची त्यांना अडचण वाटत नव्हती.

"घोड्याला कुणी अहो म्हणतं का, काकू?"

"का नाही म्हणणार? तो माझ्याहून मोठ्या पदावरून रिटायर झालेला आहे."

ते खरंच होतं. साहेब त्यांच्या काळात स्टीपलचेसचे चॅम्पियन होते. आपल्याकडे शर्यत म्हणजे सपाट मैदानावर घोडे सुटतात ती. इथे दुसरीही एक असते: डोंगरउतारावरच्या गवतातून दोन-तीन मैल, आणि वाटेत माणसाच्या छातीएवढी उंच कुंपणं. घोडा भरधाव जातो, उडी घेतो, पलीकडे काय आहे ते न दिसता. साहेब दोन हंगाम देशात पहिले होते. त्यांच्या शर्यतीचे व्हिडिओ अजून मिळतात. मी पाहिलेत. तांबूस तपकिरी रंगाचा एक लांबलचक घोडा कुंपणाजवळ येतो आणि जणू कुणी खालून अलगद उचलावा तसा वर जातो. बाकीचे घोडे उडी मारतात, हा नुसता पुढची पावलं जरा उंचावरून टाकतो.

मी पाहिलेला साहेब चोवीस वर्षांचा होता. पाठ खाली गेलेली, डोळ्यांच्या वरचे खळगे खोल, पुढच्या उजव्या पायाला खुराच्या वर एक जाडसर गाठ. आणि तो जमिनीवर पडलेली पाण्याची नळीसुद्धा ओलांडत नसे.

हे मला पहिल्या आठवड्यात कळलं. मी बागेला पाणी घालून नळी तशीच टाकली आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी परत आले तर साहेब नळीच्या अलीकडे उभा, पाण्याची टाकी पलीकडे, आणि काकू नळी गुंडाळताहेत. नळी गेल्यावर तो शांतपणे चालत टाकीशी गेला आणि बराच वेळ पाणी प्यायला. काठी, दोरी, फावड्याचा दांडा, वाऱ्यानं पडलेली फांदी, काहीही आडवं असलं की तो थांबायचा. घाबरायचा नाही, कान मागे टाकायचा नाही. नुसता थांबायचा, किंवा लांबून वळसा घालून जायचा. काकूंनी त्याच्या पागेचा उंबरा काढून टाकला होता. रोज सकाळी चहाच्या आधी त्या सगळ्या कुरणात फिरून खाली पडलेल्या काटक्या वेचत.

"शिकवता नाही का येणार त्याला? हळूहळू?" मी विचारलं.

"शिकवायचं काहून? त्याच्या आयुष्यभराच्या उड्या मारून झाल्या. आता नाही म्हणतो तो."

मंडळातली मुलं कधी आईबापांबरोबर यायची. एका नऊ वर्षांच्या मुलीनं त्याचे व्हिडिओ बघून ठेवले होते. तिनं कुंपणाला टेकून इंग्रजीत विचारलं, "हा अजून उडी मारू शकतो का?"

"मारू शकतो की नाही ते मला माहीत नाही," काकू तिला इंग्रजीतच म्हणाल्या. "मी त्याला विचारत नाही."

मुलीनं थोडा विचार केला आणि मान डोलावली. तिच्या वडिलांना मात्र मुलीला पाठीवर बसवून एक फोटो हवा होता. त्यांना काकूंनी त्यांच्या टाचेच्या दुखण्याबद्दल विचारलं आणि विषय तिथेच संपला.

माझ्या दुसऱ्या वर्षी, सप्टेंबरात, एक दिवस पिवळी स्कूल बस खडीवर येऊन थांबली. तिच्यातून साठीचा एक बुटका, काटकुळा माणूस उतरला. काकू त्याचे पाय बघत राहिल्या. पाय दोन्ही बाहेरच्या बाजूला वाकलेले, चाल अशी की प्रत्येक पाऊल आधी विचारून टाकल्यासारखं. काकूंनी एकही दुखणं सांगितलं नाही. हळूच म्हणाल्या, "हा घोड्यावर बसणारा माणूस आहे."

तो साहेबाचा जॉकी होता. पंधरा वर्षांपूर्वी ज्या शर्यतीत साहेब पडला, त्या शर्यतीत तोही पडला होता. मांडीचं हाड आणि ओटीपोटाची हाडं मोडली. पुन्हा घोड्यावर बसला नाही. आता शाळेची बस चालवत होता. त्या मैदानावर दर ऑक्टोबरात शर्यती भरतात आणि मधल्या वेळात जुन्या चॅम्पियन घोड्यांना लोकांसमोरून फिरवतात. काकूंना दर वर्षी आमंत्रण यायचं आणि त्या दर वर्षी नाही कळवायच्या. या वेळी संयोजकांनी याला पाठवलं होतं.

"तुम्ही त्याला भेटायला कधी आला नाहीत," काकू म्हणाल्या. आरोप नव्हता, एक निरीक्षण होतं.

"नाही मॅम. हिंमत नव्हती."

तो कुंपणापाशी गेला. साहेब चरत होता. त्यानं मान वर केली, त्या माणसाकडे पाहिलं आणि पुन्हा चरायला लागला. ओळख पटल्याचं एकही चिन्ह नाही. जॉकीनं कुंपणावर दोन्ही हात ठेवले. मग आमच्याकडे न बघता म्हणाला, "तिथे घोडा पडला की हिरवा पडदा आणतात. लोकांना दिसू नये म्हणून चारी बाजूंनी धरतात. आम्ही दोघं त्या पडद्याआड होतो. मला स्ट्रेचरवरून नेलं तेव्हा तो अजून आतच होता. लोकांनी आम्हाला शेवटचं पाहिलं ते तसं. मला त्याच्याबरोबर एकदा तिथून चालत जायचं आहे, मॅम. बाकी काही नाही."

काकूंनी त्याला चहा आणि चिवडा दिला. उत्तर दिलं नाही. त्यालाही घाई दिसली नाही. शाळा सुटायच्या वेळेला तो बस घेऊन गेला.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता काकूंनी मला साहेबाची गोष्ट सांगितली. तोवर मला वाटत होतं की हॉस्पिटलातून कुणी तरी सोडून दिलेला घोडा त्यांनी दयेनं घरी आणला.

"त्याला आणलं तेव्हा मी ड्यूटीवर होते. खुराच्या वरचं हाड फुटलं होतं. डॉक्टरनं सांगितले तेवढे चार फोटो मी काढले. चारही वाईट. नुसते तुकडे दिसत होते. डॉक्टर म्हणाला, संपलं. मालक फोनवर होते, त्यांनीही हो म्हटलं. कायमचं झोपवायचं औषध आणायला माणूस गेला." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "आणि तो माझ्यापुढे तीन पायांवर उभा. घामानं निथळून राहिला होता, पण मी प्लेट लावली की हलत नव्हता. मला वाटलं, जरा तिरक्या बाजूनं एक घ्यावा. कुणी सांगितलं नव्हतं. माझं ते काम नाही. सांगतील तेवढे काढायचे, खाली डॉक्टरची सही. मी काढला."

"आणि?"

"त्यात एक पट्टी दिसली. हाडाची, वरपासून खालपर्यंत सलग, बोटाएवढी. बाकी सगळं फुटलेलं, पण ती शाबूत. ती असली की स्क्रू धरतात. मी फिल्म डॉक्टरपुढे धरली. तो आधी माझ्यावर चिडला, मग त्यानं स्वतःच फिल्म उजेडाला धरली."

ऑपरेशन झालं. साहेब जगला. पण तो पुन्हा धावणार नव्हता आणि लहानपणीच खच्ची केलेला असल्यामुळे त्याच्यापासून पैदासही होणार नव्हती. मालकांना तो ठेवायचा कुठे हा प्रश्न पडला. काकूंनी विचारलं, मी नेऊ का? तोवर त्यांनी घरात मांजरसुद्धा पाळलं नव्हतं. ही जागा त्यांनी त्याच्यासाठी घेतली.

"तीस वर्षं मी फोटो काढले," काकू म्हणाल्या. "त्यातला हा एक माझा."

मग भाकरी फुगली, त्यांनी ती माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, "पंधरा वर्षं मी समजत होते, पडद्याआड एकटा साहेबच होता. हा माणूस पण होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. नेऊ आपण त्यांना."

ऑक्टोबरातला तो दिवस निळा आणि कोरडा होता. डोंगरउतारावर माणसंच माणसं. टोप्या घातलेल्या बायका, गाड्यांची मागची दारं उघडून मांडलेली जेवणं. मी काकूंबरोबर आतल्या बाजूला होते. त्यांनी ठेवणीतली इरकल नेसली होती, खाली चामड्याचे बूट, वर जाड जाकीट. साहेबाला सकाळी तासभर खरारा केला होता. जॉकीनं कोट घातला होता, टाय बांधला होता. त्याच्या हातात साहेबाच्या तोंडाला बांधलेल्या मोहरकीची दोरी होती आणि काकू दुसऱ्या बाजूनं चालत होत्या.

लाउडस्पीकरवरून निवेदक साहेबाचं नाव सांगत होता, त्यानं कोणकोणत्या शर्यती मारल्या ते सांगत होता. लोक टाळ्या वाजवायला लागले. तिघं कठड्याच्या कडेकडेनं निम्म्या वाटेपर्यंत आले आणि साहेब थांबला.

गवतावर काळ्या रबराची एक पट्टी आडवी होती. चार बोटं उंच. निवेदकाच्या मचाणाकडे जाणारी वायर तिच्याखाली झाकली होती. आदल्या दिवशी काकू सगळी वाट पायी पाहून आल्या होत्या. पट्टी त्या सकाळी टाकली होती.

वळसा घालायला जागा नव्हती. एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला मचाण. आधीचे चॅम्पियन तिच्यावरून बिनदिक्कत गेले होते. टाळ्या हळूहळू थांबल्या. मागे आणखी दोन घोडे यायचे होते, ते खोळंबले. बिल्ला लावलेला एक तरुण संयोजक धावत आला. "मॅम, जरा ओढा त्याला. नाहीतर मागून कुणी तरी…"

"नाही," काकू म्हणाल्या.

"पुढची शर्यत आहे, मॅम."

"असू द्या." मग साहेबाच्या मानेवर हात ठेवून त्या मराठीत म्हणाल्या, "घाई नाही साहेब. होईल तेव्हा होईल." आणि उभ्या राहिल्या.

निवेदकाला काय करावं सुचेना. तो पुन्हा पहिल्यापासून शर्यतींची यादी वाचायला लागला. अमुक कुंपण त्यानं कसं पार केलं, तमुक दिवशी पावसात कसा जिंकला. साहेब चार बोटांच्या पट्टीसमोर उभा आणि वरून त्याच्या उड्यांची वर्णनं चाललेली. काही लोक हसले.  मला वाटत होतं, काकू, मागे फिरवा, घरी जाऊ.  जॉकीच्या हातातली दोरी सैलच होती. ओढायचं त्याच्या मनात आलं नाही, एवढं मला दिसत होतं.

मग त्यानं दोरी काकूंच्या हातात दिली. वाकला. वाकताना त्याला किती दुखलं ते सगळ्यांना दिसलं असेल. त्यानं पट्टी एका टोकाला धरून बाजूला केली. खाली वायर होती, दोन तुकड्यांची तोंडं एकमेकांत खोचलेली. त्यानं ती उपसली आणि वायरची दोन्ही टोकं दोन बाजूंना ओढून ठेवली.

लाउडस्पीकर बंद पडला. निवेदक वर बोलतच होता, ओठ हलताना दिसत होते, मग त्याच्याही लक्षात आलं. इतक्या माणसांचं मैदान, आणि नुसता वारा ऐकू येत होता.

साहेबानं खाली पाहिलं, मोकळं गवत हुंगलं आणि चालायला लागला. जॉकीनं दोरी परत हातात घेतली. तिघं त्या शांततेत उरलेली वाट चालत गेले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुरुषांनी टोप्या मात्र काढल्या होत्या, एकाचं बघून दुसऱ्यानं.

परतीच्या वाटेवर काकू गाडीच्या काचेतून मैदानाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "त्या माणसाच्या कमरेत अजून एक स्क्रू सैल आहे. त्याला सांगायला पाहिजे."

पुढे तो दर रविवारी यायला लागला. दोघं कुंपणापाशी खुर्च्या टाकून बसत. फारसं बोलत नसत. साहेब मधूनच येऊन त्याच्या टोपीला नाक लावून जायचा. ओळख पटली होती की टोपीला घामाचा वास होता म्हणून, ते मला कळलं नाही.

साहेब एप्रिलमध्ये गेला. सकाळी काकू काटक्या वेचायला बाहेर पडल्या तर तो आडवा होता आणि उठायला तयार नव्हता. पोट दुखत होतं. घोड्यांना म्हातारपणी होतं तसं. डॉक्टरीणबाई आल्या, तपासलं, म्हणाल्या, हॉस्पिटलला हलवून अजून काही तपासण्या करता येतील, तुमच्यावर आहे. मला खात्री होती, काकू हो म्हणणार. त्या साहेबाच्या डोक्याशी मातीत बसल्या होत्या.

"नको," त्या म्हणाल्या. "आता दिसून राहिलं मला."

जॉकी मुलांना शाळेत सोडून तशीच रिकामी बस घेऊन आला. कुणी रागावेल का, याची त्यानं पर्वा केली नाही. तो पोचेपर्यंत डॉक्टरीणबाई थांबल्या. त्यानं साहेबाचं कपाळ धरलं, काकूंनी तो जाड गाठीचा पाय मांडीवर घेतला. सुई दिली तेव्हा कारकून दोन हात अंतरावर उभी राहून रवंथ करत होती. दुपारी शेजारचा शेतकरी खोदायचं यंत्र घेऊन आला. काकूंनी खड्ड्यात आधी गवत अंथरायला लावलं.

आठवड्याभरानं घोड्यांच्या शर्यतींबद्दल लिहिणाऱ्या एका मासिकातून फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला कारण त्या मेथी निवडत होत्या. लिहिणाऱ्या मुलीनं चांगल्या मनानं विचारलं, एवढ्या मोठ्या चॅम्पियनचा वारसा काय, असं तुम्हाला वाटतं?

"वारस नाही," काकू म्हणाल्या. "तो खच्ची होता. असं लिहा की पंधरा वर्षं नीट जेवला आणि त्याला कुणी कशावरून उडी मारायला सांगितलं नाही."

 मुलीनं विचारलं, "हे असंच लिहू?"

"हो. स्पेलिंग नीट करा."

त्या उन्हाळ्यात माझ्या कंपनीनं मला फ्रीमाँटच्या ऑफिसातून काम करायची परवानगी दिली आणि मी शिफ्ट झाले. जाताना काकूंना एकटं सोडतेय असं फार वाटत होतं. त्यांना तसं काही वाटताना दिसलं नाही. त्यांनी मला मेतकुटाची बरणी दिली आणि गुडघ्याचा व्यायाम पुन्हा एकदा करून दाखवायला लावला.

फ्रीमाँटला आमचं टाउनहाउस आहे. समोर तसंच दुसरं, त्यापलीकडे तिसरं. मी रविवारी काकूंना फोन करते. पहिले काही महिने त्या फार थोडं बोलत. कारकून बरी आहे. पाऊस नाही. मंडळाच्या खजिनदाराची पाठ धरली आहे. मी फोन ठेवला की नवरा विचारायचा, कशा आहेत, आणि मला सांगता यायचं नाही.

मागच्या महिन्यात एका दुपारी त्यांचाच फोन आला. रविवार नव्हता. मी मीटिंगमधून उठून बाहेर आले.

"काय झालं, काकू?"

"काही नाही. मी आज घोड्यावर बसले."

मी कॉरिडॉरमध्येच भिंतीला टेकले. तीस वर्षं त्या घोड्यांमध्ये राहिल्या, पंधरा वर्षं घरात चॅम्पियन घोडा होता, आणि त्या कधीच घोड्यावर बसल्या नव्हत्या. माझ्याही ते तेव्हाच लक्षात आलं. अपंग मुलांना घोड्यावर बसवतात अशी एक जागा त्यांच्या घराजवळ आहे. जॉकी तिथे आठवड्यातून एकदा मदतीला जायला लागला होता. त्यानं या वयात काकूंना तिथल्या एका लठ्ठ, सुस्त, पांढऱ्या घोडीवर चढवलं होतं, शिडी लावून.

"का बसलात पण?"

"त्याला विचारलं मी, वरून कसं दिसतं? तो म्हणाला, सांगता नाही येत मॅम, बसा."  मागे वारा ऐकू येत होता. त्या बाहेरच कुठेतरी उभ्या होत्या. "मी सगळी हाडं आतून पाहिली गं. पण वरून कधी पाहिलंच नाही. दोन कान दिसतात पुढे. आणि मग सगळं जग त्या दोन कानांच्या मधे. आणि खालून कुणी तरी आपल्याला घेऊन चाललेलं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. उतरल्यावर पाय लटपटत होते. त्यानं माझ्या चालण्याकडे पाहिलं आणि हसला."

"मग?"

"मग काय, पुन्हा चढले."

माझ्या मीटिंगमधलं कुणी तरी दार उघडून खुणेनं विचारत होतं, येतेस का. मी त्याला हातानं थांबवलं आणि काकूंना म्हटलं, नीट सांगा, पहिल्यापासून, शिडीपासून. त्या सांगायला लागल्या.